ड्रॉइंगमध्ये जे नसतं ते: इलेक्ट्रिक गाडीचे पार्ट आणि व्हेंडरचं डोकं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेल आला. चाकणला एका कंपनीत पर्चेसला आहेत. त्यांचा प्रश्न असा, की इलेक्ट्रिक गाडीत मुळात पार्टच कमी. इंजिन नाही, सायलेन्सर नाही, गिअरबॉक्स जवळजवळ नाही. डिझाइन आमच्याकडे, सेल बाहेरून येतात. मग "व्हेंडरचं ज्ञान, व्हेंडरचं ज्ञान" असं तुम्ही जे म्हणता ते उरतं कुठे? आम्ही ड्रॉइंग देतो, ते पार्ट देतात. संपलं.

प्रश्न रास्त आहे, आणि सूरही ओळखीचा आहे. मी अकरा वर्षं सप्लायर क्वालिटीत काढली, त्यातली शेवटची चार इलेक्ट्रिक गाड्यांच्या पार्टवर. सुरुवातीला मीही असंच म्हणायचे. व्हेंडर म्हणजे मशीन, माणसं आणि रेट. डोकं आपल्याकडे. हा समज निघून जायला एक मोटर हाउसिंग लागलं. आज त्याचीच गोष्ट आधी सांगते, मग बाकीचं.

मोटर हाउसिंग म्हणजे मोटरचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच. त्याच्या आत स्टेटर बसतो. पोलादी पत्र्यांची थप्पी आणि त्यात तांब्याचं वाइंडिंग, असा मोटरचा जो भाग फिरत नाही तो. आमच्या मोटरमध्ये हा स्टेटर बोल्टने बसत नव्हता, आवळून बसवला जायचा. हाउसिंग तापवायचं, ते फुगतं, थंड स्टेटर आत सोडायचा, हाउसिंग निवलं की पकड घट्ट. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, अगदी तीच युक्ती.

फरक एवढाच, की बैलगाडीचं चाक नंतर तापत नाही. मोटर तापते. आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गणित करून बघा. २०० मिलिमीटरचा व्यास, दोन्ही भाग १०० अंशांनी तापले असं धरू. ॲल्युमिनियम वाढेल साधारण ०.४६ मिलिमीटर, पोलाद ०.२४. म्हणजे सुमारे ०.२२ मिलिमीटरची पकड गरम असताना सुटणार. ती सुटूनही स्टेटर जागचा हलू नये इतकी पकड आधी ठेवायची, आणि कडाक्याच्या थंडीत हाउसिंगला तडा जाऊ नये इतकी ती कमीही हवी. या कात्रीत सापडलेल्या बोअरला ड्रॉइंगवर सवलत होती ४६ मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहून कमी.

हे हाउसिंग भोसरीच्या एका मशीनशॉपमध्ये बोअर होऊन आमच्याकडे यायचं. त्यांचा रिपोर्ट ओके. आमच्या सीएमएमवर ठेवलं की नापास. गोल नाही, तीन पाकळ्यांचं. मी रीतसर मेल टाकला. अठ्ठेचाळीस तासांत करेक्टिव्ह ॲक्शन पाठवा वगैरे. त्यांचं उत्तर आलं, "मॅडम, एकदा येऊन जा."

गेले. मालक होते, आणि मशीनवर एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी एक हाउसिंग चकमध्ये लावलं, तिन्ही जॉ आवळले आणि म्हणाले, "आता हे आत दबलंय. दबलेलं असताना मी गोल कापतो. मशीनवर मोजाल तर गोलच भरेल. सोडलं की ते आपल्या मूळ जागी जातं, आणि मग तुमच्या तीन पाकळ्या." भिंत पाच मिलिमीटरची होती, दबणारच. पकड ढिली करावी तर कापताना थरथरतं, पृष्ठभाग खराब. मी म्हटलं, मग उपाय काय? तेव्हा मालकांनी जे विचारलं ते मला आजही आठवतं. "मॅडम, हे ड्रॉइंग काढताना कुणी विचारलं होतं का, की हे पकडायचं कुठे?"

कुणी विचारलं नव्हतं. आमचा डिझायनर हुशार मुलगा होता. त्याने चुंबकीय क्षेत्राचं सिम्युलेशन केलं होतं, उष्णतेचं केलं होतं, कंपनांचं केलं होतं. चकच्या तीन जॉचं नव्हतं केलं, कारण त्याच्या जगात चक नव्हतंच.

मालकांचं म्हणणं असं, की बाहेरून त्रिज्येच्या दिशेने आवळूच नका. कास्टिंगवर तीन छोटे लग द्या, त्यांच्यावर वरून खाली दाबून पकडतो, म्हणजे बोअरवर ताणच येणार नाही. पण लग द्यायचे म्हणजे डाय बदलायची, आणि डाय तिसऱ्याच माणसाकडे, कास्टिंगवाल्याकडे. मग आम्ही चौघं त्याच्या ऑफिसात बसलो. त्याने ड्रॉइंग बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, की दोन लग ठीक, पण तिसरा या जागी दिलात तर तिथे ॲल्युमिनियमचा जाड गोळा होईल, तो सगळ्यात शेवटी थिजेल आणि आत पोकळी राहील. जरा बाजूला सरकवा. सरकवला. दीड तास, दोन वेळा चहा. ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन निघालं आणि ढिगाने परत जाणारी हाउसिंग परत जायची थांबली.

त्याच बैठकीत कास्टिंगवाल्याने जाता जाता आणखी एक सांगितलं, जे मला लगपेक्षाही मोलाचं वाटतं. आमच्या ड्रॉइंगवर एका तोंडाला तीन मिलिमीटर मशीनिंगसाठी जास्तीचं ठेवलं होतं. जुनी सवय, ओतकाम आहे म्हणजे ठेवा सढळ हाताने. तो म्हणाला, प्रेशर डाय कास्टिंगमध्ये धातू डायला लागतो तिथे पटकन थिजतो, म्हणून वरची पातळ साल घट्ट असते. आत बारीक छिद्रं असतातच, कितीही काळजी घ्या. तुम्ही तीन मिलिमीटर कापता, म्हणजे चांगली साल काढून टाकता आणि छिद्रं उघडी पाडता. मग त्यातून कूलंट झिरपतं आणि लीक टेस्टमध्ये पार्ट मेला की तुम्ही मला मेल टाकता. कमी ठेवा, मी डाय अचूक ठेवतो.

तर चाकणचे साहेब, ज्ञान उरतं ते असं. ते ड्रॉइंगमध्ये नसतं, कारण ड्रॉइंग सांगतं पार्ट शेवटी कसा असावा. तो तसा होताना वाटेत कुठे कुठे रुसतो, हे बनवणाऱ्यालाच माहीत असतं.

बरं, गोष्ट इथे संपली असती तर मी आज हा भाग केला नसता. पुढच्या वर्षी व्हॉल्यूम वाढलं. पर्चेसने नवं रिव्हिजन, म्हणजे लग असलेलं, साल राखलेलं ड्रॉइंग, तीन नव्या व्हेंडरांना कोटेशनसाठी पाठवलं. टेक्निकल मेल मीच पाठवला होता, हे कबूल करते. नव्यांपैकी एकाचा रेट कमी आला. येणारच, त्याला लग शोधण्यासाठी एकही पार्ट भंगारात घालावा लागला नव्हता. ऑर्डर तिकडे गेली. भोसरीच्या मालकांना मी फोन केला, काय बोलावं कळत नव्हतं. ते रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "ठीक आहे मॅडम. यापुढे ड्रॉइंगप्रमाणे देऊ."

"ड्रॉइंगप्रमाणे देऊ." हे ऐकायला अगदी आज्ञाधारक वाक्य आहे. प्रत्यक्षात ते दार बंद केल्याचा आवाज आहे. यापुढे तुमच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तरी मी बोलणार नाही, चुकीचं असेल तर चुकीचं देईन, आणि कागद माझ्या बाजूने असेल. व्हेंडर कमी बोलायला लागले की आम्ही कंपनीत खूश व्हायचो, तक्रारी कमी झाल्या म्हणून.

आता थोडं इकडेतिकडे जाते, कारण हे एका हाउसिंगपुरतं नाही.

मेलमध्ये म्हटलंय, "गिअरबॉक्स जवळजवळ नाही". पाच गिअर गेले, खरंय, पण बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये मोटरचा वेग उतरवून चाकाला देणारी एक गिअरजोडी, दोन जोड्या, राहतातच. आणि त्या जुन्या पाचांपेक्षा अवघड आहेत. कारण इंजिनच्या आवाजात सगळी पापं झाकली जायची. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा धडधडतं, त्या गुरगुरण्यात गिअरचं रडणं कोण ऐकतंय? इलेक्ट्रिकमध्ये मोटर १२,००० ला फिरतेय, म्हणजे सेकंदाला २०० फेरे, पिनियनला समजा २३ दात, तर दात भिडण्याचा आवाज होतो ४६०० हर्ट्झचा. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो. आणि गाडी बाकी शांत. ग्राहक शोरूममधून बाहेर पडतो आणि पहिल्याच पुलावर म्हणतो, शिट्टी कसली वाजतेय?

मग गिअर मोजायचा. तर तो पास! सगळ्या मापांत बसतो. इथे गिअर ग्राइंड करणारा माणूस लागतो. त्याला माहीत असतं, की दाताच्या अंगावर एक मायक्रॉनहूनही कमी उंचीच्या लाटा असतील, पण त्या एका ठेक्यात, दर दाताला त्याच लयीत येत असतील, तर कान त्या पकडतो. नेहमीच्या तपासणीत त्या सवलतीच्या आत बसून जातात. लाटा येतात कुठून? ग्राइंडिंग व्हील किती दातांनंतर ड्रेस केलं त्यातून, मशीनच्या स्पिंडलच्या किंचित डगमगण्यातून, कधी शेजारच्या मशीनच्या हादऱ्यातून. हे कुठल्या पाठ्यपुस्तकातून येत नाही असं मी म्हणणार नाही, पुस्तकं आहेत. पण तुमच्या गाडीची शिट्टी आणि त्याच्या चाकाचं ड्रेसिंग यांचा संबंध जोडायला तो माणूस आणि गाडी एकत्र यावी लागते. आणि आपल्याकडे गिअरवाल्याला गाडीत कोण बसवतो? त्याला रिजेक्शन नोट पाठवतात. एक टेस्ट ड्राइव्ह द्या त्याला, निम्मं काम होईल.

दुसरी एक गंमत. इलेक्ट्रिक गाडीसाठी लागणारं सगळंच ज्ञान गाड्यांच्या धंद्यातून आलेलं नाही. बेअरिंगचं बघा. इन्व्हर्टर मोटरला जी वीज देतो ती तुकड्या-तुकड्यांची असते, फार वेगाने चालू-बंद होणारी. त्यातून शाफ्टवर थोडा विद्युतदाब साठतो आणि संधी मिळाली की बेअरिंगमधून, ग्रीसचा पातळ थर भेदून, ठिणगीसारखा निघून जातो. असं लाखो वेळा झालं की बेअरिंगच्या आतल्या वाटेवर समांतर रेषा उमटतात, कपडे धुवायच्या फळीवर असतात तशा. मग घरघर सुरू. गाडीवाले यावर डोकं धरून बसले. पण पंप, पंखे, कागद कारखाने यांच्या मोटरना १९९० च्या दशकात वेगवान स्विचिंगचे ड्राइव्ह लागले तेव्हाच बेअरिंगवाल्यांनी हा रोग भरपूर पाहिला होता. सिरॅमिकचे बॉल घाला, किंवा शाफ्टला अर्थिंगची रिंग द्या, ही औषधं त्यांच्याकडे तयार होती. फक्त विचारायला हवं होतं.

तसंच हेडलाइटवाल्यांचं. आता तुम्ही म्हणाल, हेडलाइटचा आणि बॅटरीचा काय संबंध? बॅटरी पॅक पाणी जाऊ नये म्हणून पक्का बंद करतात. तर तो डबा घेऊन तुम्ही मुंबईहून महाबळेश्वरला गेलात, साडेतेराशे मीटर वर, तर बाहेरच्या हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी होतो. डबा आतून फुगायला बघतो, गॅस्केटवर ताण येतो. उलट, पॅक चालून तापलाय आणि तुम्ही गाडी धुवायला थंड पाण्याचा फवारा मारलात, तर आतली हवा आक्रसते आणि कुठे फट असेल तिथून पाणी आत खेचलं जातं. म्हणजे पूर्ण बंद डबाच पाणी ओढतो! उपाय म्हणजे हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी जाळी, ब्रीदर. ही गोष्ट हेडलाइट बनवणारे अनेक वर्षांपासून जाणतात, कारण पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरल्याच्या तक्रारींनी त्यांना रडवलेलं असतं. "पेट्रोलच्या जमान्यातला व्हेंडर" म्हणून ज्याला आपण मोडीत काढतो त्याच्याकडे हे असतं.

अर्थात सगळ्यांकडे असतं असं नाही. क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, पिस्टन यांच्यावरच ज्यांचं सगळं ज्ञान उभं आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे आणि तो "ज्ञान वाया जात नाही" अशा गोड वाक्याने सुटत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांबद्दल वेगळा भाग करायचाय, तेव्हा बोलू.

बॅटरीचा विषय निघालाय तर २०२२ बद्दल बोललंच पाहिजे. त्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, आठवत असेल. त्यानंतर सरकारने दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस १५६ हे मानक कडक केलं, दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ पासून आणि ३१ मार्च २०२३ पासून. एका सेलने पेट घेतला तर शेजाऱ्यांपर्यंत काय होतं ते दाखवा, सेलचा माग ठेवा, बीएमएसमध्ये अमुक संरक्षण हवं, असं बरंच. या नियमांनी एक चांगली गोष्ट केली, जी बहुतेक कुणी ठरवून केली नसावी. त्यांनी कंपन्यांना व्हेंडरशी बोलायला भाग पाडलं. तोवर पॅकमधला फोम, पॉटिंग, सेलमधलं अंतर, बसबार हे सगळं पर्चेसच्या यादीतले आयटम होते, किलोवर आणि नगावर घेतले जाणारे. आता पॅक टेस्टमध्ये जळाला तर फोमवाल्याला बोलवावंच लागलं, की बाबा, तुझं मटेरियल किती तापमानाला काय करतं?

बसबारचं तर छोटंसं गणित सांगते. तांब्याच्या पट्टीच्या एका जोडात ०.१ मिलिओहम रोध जास्त आला. मल्टिमीटरला तो दिसणारही नाही. २०० अँपिअर वाहताना तिथे ४ वॅट उष्णता तयार होते. एका जोडात. आणि तो जोड चिकटलाय सेलला. वेल्डिंगवाला सांगतो, की तांबं खोलीच्या तापमानाला नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवून लावतं, आणि तांबं-ॲल्युमिनियम एकत्र वितळवलं की मध्ये ठिसूळ थर तयार होतो. म्हणून पट्टीवर तेलाचा बोट लागलेला डागसुद्धा त्याला चालत नाही. त्याने पट्ट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा म्हटलं, तर पर्चेस म्हणतं पॅकिंगचा खर्च वाढला. असो.

आता मूळ प्रश्नाकडे. हे ज्ञान घ्यायचं तर कसं, आणि त्याचे पैसे कोण देणार?

जपानमध्ये यावर फार आधी विचार झालाय. क्योटोचे अर्थशास्त्रज्ञ बानरी असानुमा यांनी १९८० च्या दशकात जपानी वाहन कंपन्या आणि त्यांचे सप्लायर यांच्यातले व्यवहार बारकाईने तपासले. तिथे पार्टचे दोन प्रकार मानतात. एक, ज्याचं ड्रॉइंग कंपनी काढते आणि सप्लायरला जणू उसनं देते. दुसरा, ज्याचं ड्रॉइंग सप्लायर काढतो आणि कंपनी फक्त मंजूर करते. नावंच तशी आहेत, उसना नकाशा आणि मंजूर नकाशा. हा फरक नुसता कागदाचा नाही. मंजूर नकाशाच्या पार्टमध्ये डिझाइनची जबाबदारी सप्लायरची, पण त्या बदल्यात त्याचं स्थान पक्कं. ते मॉडेल चालू आहे तोवर ऑर्डर सहसा त्याच्याकडेच राहते. १९४९ मध्ये टोयोटापासून वेगळी झालेली डेन्सो या वाटेने कुठे पोचली ते आपण बघतोच. तिथेही रेट कमी करण्याचा दट्ट्या असतो, ठरावीक काळाने असतोच, उगाच स्वर्ग रंगवायला नको. पण सुधारणेतून झालेल्या बचतीचा काही भाग ती सुचवणाऱ्याकडे राहायला हवा, हे तिथे उमगलेलं आहे.

आपल्याकडे मोठ्या व्हेंडरनी ही पायरी गाठली आहे. प्लास्टिकच्या पार्टपासून सुरुवात केलेली छत्रपती संभाजीनगरची व्हेरॉक आज मोटर आणि कंट्रोलर बनवते. २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिचा बॅटरी पॅक टाटा ऑटोकॉम्पने पुण्यात जोडला. अशा कंपन्यांकडे डिझाइनची माणसं आहेत, वकील आहेत, त्यांना कुणी सहज फसवू शकत नाही. अडचण त्यांच्या खालच्या थराची आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूजची वीस-पन्नास माणसांची शॉप. ज्ञान त्यांच्याकडे आहे, पण ते चहाच्या कपाबरोबर फुकट दिलं जातं.

आणि ते आपल्याला किती लागणार आहे, याची चुणूक २०२५ मध्ये मिळाली. ४ एप्रिलला चीनने काही रेअर अर्थ मूलद्रव्यं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्यांचं बंधन घातलं. मोटरमधल्या चुंबकाला उष्णतेत ताकद टिकवायला डिस्प्रोशियमसारखी द्रव्यं लागतात, ती त्यात आली. आपल्या दुचाकी कंपन्यांचं उत्पादन त्या वर्षी त्यामुळे अडलं. तेव्हा सगळे म्हणाले, चुंबक आपल्याकडे बनत नाहीत. खरंय, पण नुसता कारखाना नव्हता असं नाही. तो चुंबक आपण "दे अमुक ग्रेडचा" एवढं म्हणून विकत घेत होतो. डिस्प्रोशियम सगळ्या चुंबकात न मिसळता फक्त कणांच्या सीमांवर पोचवलं तर खूप कमी पुरतं, हे चुंबक बनवणाऱ्याचं ज्ञान. ते किमतीत गुंडाळून आपल्यापर्यंत यायचं, पण पुडी आपण कधी उघडली नाही. मग कमी चुंबकाची, वेगळ्या रचनेची मोटर करायची वेळ आली तेव्हा विचारायचं कुणाला, इथून सुरुवात.

माझं मत विचाराल तर पर्चेसच्या लोकांना मी दोन गोष्टी सांगेन. व्हेंडरला ड्रॉइंग गोठण्याआधी बोलवा आणि त्या वेळेचे वेगळे पैसे द्या, पार्टच्या रेटमध्ये ते कोंबू नका. रेटमध्ये कोंबलं की पुढच्या कोटेशनला तो महाग दिसणार आणि त्यानेच शिकवलेला स्वस्त. डिझाइनरला आपण पगार देतो, कन्सल्टंटला फी देतो, मग दीड तासात आमचं हाउसिंग वाचवणाऱ्याला चहा का? दुसरं, ज्याने बदल सुचवला त्याला त्या पार्टचं किमान काही काळाचं, दोन वर्षं म्हणा, ठरलेलं व्हॉल्यूम लिहून द्या. मला माहीत आहे, तुमचे साहेब म्हणतील एकाच सोर्सवर अवलंबून राहणं धोक्याचं. मान्य. दुसरा सोर्स ठेवा, पण पहिल्याला बाहेर काढायला त्याचंच ड्रॉइंग वापरू नका.

आणि व्हेंडर ऐकत असतील तर, तुमचीही चूक आहे बरं का. तुम्ही लिहून ठेवत नाही. गोपनीयतेच्या करारावर तुम्ही सही करता तेव्हा तो एकतर्फी असतो, त्यांची माहिती तुम्ही गुप्त ठेवायची, तुमचीही त्यांनी ठेवायची असं त्यात घालून घ्या. मागितलं तर बरेचदा मिळतं, मी पाहिलंय. सुचवलेला बदल तारखेसह मेलवर टाका, फोनवर नको. आणि मामांना रिटायर होण्याआधी कुणी तरी शेजारी बसून विचारा. आयटीआयची दोन पोरं त्यांच्या हाताखाली द्या. मामांचं ज्ञान तुमच्याही फायलीत नाहीये.

मी ती नोकरी सोडून आता तीन वर्षं झाली. भोसरीच्या त्या मालकांशी मात्र बोलणं होतं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन होता. एका नव्या कंपनीचं चार्जरच्या केसिंगचं ड्रॉइंग आलंय, पंख्यांची उंची जास्त आणि डायमधून निघायला उतार पुरेसा नाही, शिवाय आणखी दोन ठिकाणी गडबड आहे. मी म्हटलं, सांगितलंत का त्यांना? म्हणाले, "उताराचं सांगितलं. लेखी. त्याचे पैसे द्यायला तयार झाले, म्हणजे तसं तोंडी तरी म्हणालेत. बघू, पीओ येऊ दे. बाकीचे दोन पॉइंट वहीत आहेत."

तुमचे अनुभव पाठवा, दोन्ही बाजूंचे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.